चार बोटं हाड

पार्वतीचा पाय मोडला तेव्हा वाळूत खत टाकायचे दिवस होते. दिवाळी सरली की यमुनेचं पाणी ओसरतं आणि नोएडाच्या अंगाला लांबच लांब वाळू उघडी पडते. तिथं कमरेइतके खोल चर खणायचे, तळाला शेणखत घालायचं आणि खरबूज, काकडी, दोडक्याचं बी टोकायचं. पार्वती आणि तिचा नवरा अंबादास या शेतीला वाडी म्हणत. त्यांच्या गावाकडं, भीमेच्या पात्रात, भोई लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या अशाच वाड्या लावल्या होत्या. पुढं भीमेवर धरण झालं, पात्र बारा महिने पाण्याखाली राहू लागलं, वाळू दिसेनाशी झाली. अंबादासचा चुलतभाऊ खंडेराव दिल्लीत ओखल्याला मासळीच्या ठेक्यावर होता. त्यानं सांगावा धाडला, 'हितं वाळू रग्गड हाय, या.' म्हणून ती दोघं कडेवरच्या लताला घेऊन आली आणि काठावर गवताची खोपी घालून राहिली. त्यालाही आता वर्षं लोटली होती. लता चुलीपुढं बसून भाकरी थापण्याइतकी मोठी झाली होती.

त्या साली काठावर नवाच गलका सुरू झाला होता. नोएडाचे सेक्टर नदीकडं सरकत होते. दिवसभर मातीचे डंपर यायचे, भराव ओतून जायचे, आणि त्यांच्या धुरळ्यानं वेलांची पानं पांढरी व्हायची. पार्वती बंधाऱ्यापलीकडच्या गोठ्यांवरून शेणखताची पाटी डोक्यावर घेऊन येत होती. मागं येणारा डंपर तिनं पाहिला, बाजूलाही झाली. पण भराव भुसभुशीत होता. पाय घसरला आणि ती पाटीसकट खाली आली. चाक उजव्या नडगीवरून गेलं. अंबादास धावत पोचला तेव्हा शेणखतात रक्त मिसळून चिखल झाला होता आणि पार्वती त्याला सांगत होती, "पाटी उचला आदी. खत सांडलं समदं."

पाय वाचला, असंच सगळ्यांना वाटलं. सरकारी दवाखान्यात जखम धुतली, हाड बसवलं, प्लास्टर घातलं. पण नडगी फुटून हाड मातीत-खतात उघडं पडलं होतं. आतून जखम नासली. प्लास्टरला खिडकी कापून डॉक्टर पू काढत. जखम वरून भरल्यासारखी व्हायची आणि महिन्याभरात दुसरीकडून तोंड काढायची. हाड काही जुळेना. उन्हाळाभर पार्वती खोपीच्या दारात पाय लांब करून बसली आणि अंबादास आणि लता वेलांना पाणी घालताना बघत राहिली. खरबुजांचा सगळा हंगाम तिनं बसल्या जागेवरून हाका मारून काढला. "लते, त्यो पालथा घाल वेल. अगं, फळाखाली गवात घाल, वाळू तापलीया."

पावसाळ्यात नदी चढली तेव्हा बाकीच्यांसारखीच त्यांनीही बंधाऱ्यावर ताडपत्री ताणली. ताडपत्रीखाली पायाचा वास कोंडायचा. लता जेवायला ताट घेऊन बाहेर बसायची. पार्वतीला ते दिसायचं. मग तीच म्हणायची, "जा बाई भाईर, हितं उकडतंय."

नवरात्राच्या आसपास दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दिव्यावर धरला, पाय दाबून पाहिला आणि अंबादासला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे बाकड्यापासून चार पावलांवर. पार्वतीला सगळं ऐकू येत होतं. हाड सडलं आहे, विष अंगात भिनेल, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. जखम महिन्यात भरेल, मग नकली पाय बसवता येईल.

अंबादासनं विचारसुद्धा केला नाही. "काट दो साब," तो म्हणाला.

पार्वतीनं मान वळवली. त्याची पाठ तिच्याकडं होती. सदऱ्याला खांद्यावर तिनंच घातलेलं ठिगळ होतं. ती त्या ठिगळाकडं बघत राहिली.

त्याच खोलीत कोपऱ्यातल्या टेबलाशी एक तरुण डॉक्टर बसला होता. चढ्ढा त्याचं नाव. त्यानं मोठ्या डॉक्टरांना इंग्रजीत काहीतरी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. मग तो खुर्ची ओढून पार्वतीपुढं बसला.

"पैर की उंगलियाँ हिलाओ," तो म्हणाला.

तिनं बोटं हलवली. थोडीशीच, पण हलली.

"यहाँ छूता हूँ, पता लगता है?"

"लगता है."

त्यानं फोटो तिच्या मांडीवर ठेवला आणि पेनानं दाखवलं. मधलं हे एवढं हाड मेलेलं आहे. त्यानं तिच्याच पायावर आपली चार बोटं आडवी ठेवली. एवढं. ते कापून टाकायचं. पायाभोवती लोखंडी कडी बसवायची, तारा हाडातून आरपार घालून कड्यांना ताणून बांधायच्या. मग वरच्या बाजूला चांगलं हाड मुद्दाम तोडायचं आणि तो तुकडा रोज जरा जरा, केसाएवढा, खाली ओढायचा. मागं जी जागा पडेल तिथं शरीर आपणहून नवं हाड धरतं.

"नया हड्डी?" पार्वती म्हणाली. "किसका?"

"किसका क्या? तुम्हारा ही."

"मेरा?"

"और किसका? अपना पैर, अपनी हड्डी." मग त्यानं बाकीचंही सांगितलं, लपवलं नाही. साल लागेल, कदाचित जास्त. दुखेल, रोज दुखेल. तारांच्या भोकांतून पू होऊ शकतो. घोटा आखडेल. आणि एवढं करूनही हाड जुळेलच अशी खात्री नाही. "लेकिन पैर में जान है. मैं होता तो कोशिश करता."

"साल?" अंबादास म्हणाला. "साब, हम रेत में रहते हैं."

"रेत में तो बिल्कुल नहीं रख सकते. साफ जगह चाहिए. पक्का कमरा, उबला पानी."

अंबादास पार्वतीकडं वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "पारे, कुटं ऱ्हाशील तू साल? त्ये म्हंत्यात तसं करू. मोकळी व्हशील."

पार्वतीनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. "करो डॉक्टरसाब," ती म्हणाली. "कड़ी डालो."

राहण्याची सोय लक्ष्मीबाई नगरात झाली. तिथल्या सरकारी क्वार्टरांत पार्वती दर उन्हाळ्यात खरबुजांची टोपली घेऊन जायची. वृंदाताई म्हणून एक होत्या, पुण्याच्या, त्यांचे यजमान राजाभाऊ मंत्रालयात अधिकारी. 'मराठी बोलणारी खरबूजवाली' म्हणून त्यांनी पार्वतीला पहिल्या दिवसापासून धरून ठेवलं होतं. वर्षभर पार्वती का आली नाही याची चौकशी त्यांनी आयएनए मार्केटात मासळी पोचवायला येणाऱ्या खंडेरावाकडं केली, सगळं ऐकलं आणि दवाखान्यात येऊन उभ्या राहिल्या.

"मागची खोली रिकामीच आहे," त्या म्हणाल्या. "नळ आहे, फरशी आहे. तू ये. बसल्या बसल्या मला थोडी मदत कर, बस्स. लताला पण आण."

पण लता आली तर अंबादासला भाकरी कोण घालणार, आणि चर खणले तर खत कोण ओढणार? लता वाळूवरच राहिली.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आली तेव्हा पार्वतीनं पहिल्यांदा हात खाली नेला. चादरीखाली लोखंड लागलं. गार, गोल, एकाखाली एक. तिनं चादर उचलून पाहिलं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कडी, कड्यांना जोडणाऱ्या दांड्या, दांड्यांना नट, आणि कातडीत शिरलेल्या तारा. मोटेच्या चाकात पाय अडकावा तसं ते दिसत होतं. पण खाली टोकाला तिची पाच बोटं होती. नखांत अजून वाळूकाठची माती होती. ती बघून तिला रडू आलं.

वृंदाताईंच्या मागच्या खोलीत तिचा दिवस त्या नटांनी बांधला गेला. डॉक्टरांनी एक छोटा पाना दिला होता. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि निजताना, नट जरासा फिरवायचा. फिरवताना काही वाटायचं नाही. थोड्या वेळानं आतून ओढ लागायची, जसं कुणी हाडाला दोरी बांधून हळूहळू खेचतंय. मग पाणी उकळायचं, निववायचं, कापसानं तारांच्या तोंडाशी आलेल्या खपल्या पुसायच्या, स्पिरिट लावायचं. स्पिरिट लागलं की ती पदर दातांत धरायची. पहिल्या दिवसांत वृंदाताई शेजारी बसायच्या. पुढं पार्वती एकटीच करू लागली.

चालायचंही होतं. लोखंडासकट पायावर भार टाकायचा, नाहीतर नवं हाड बळ धरत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. परकर त्या कड्यांत अडकायचा. वृंदाताईंनी जुन्या साडीची गोल पिशवी शिवून दिली, ती कड्यांवर घालून वर नाडी बांधायची. कुबड्या घेऊन पार्वती मागच्या अंगणातून नळापर्यंत जायची आणि यायची. फरशी गुळगुळीत, सपाट. पाय कुठं रुतायचा नाही, कुठं घसरायचा नाही. तिला ते चालणं चालल्यासारखं वाटायचं नाही.

हातांना मात्र काम होतं. वाटाणे सोलायचे, मेथी निवडायची, तांदूळ पाखडायचे, कणीक मळायची. बाहेरच्या खोलीतला टीव्ही चालू असायचा. नवी नवी चॅनेलं आली होती, हसण्या-भांडण्याचे आवाज दिवसभर यायचे. पार्वतीचे कान मात्र दुसरीकडं असायचे. आता चर खणून झाले असतील. आता बी भिजत घातलं असेल. फडक्यात बांधून उबेला ठेवलं का लतानं? थंडी पडली तशी ती जास्तच बेचैन झाली. कोवळ्या वेलांना उत्तरेकडून गवताचे आडोसे उभे करावे लागतात, नाहीतर रात्रीत दव गोठून पानं काळी पडतात. आडोसे बांधायचं काम तिचं होतं.

"वृंदाताई, आज लई गारठा हाय का वो?"

"अगं, पेपरात होतं, या वर्षीची सगळ्यात जास्त थंडी. स्वेटर देऊ का तुला?"

"मला न्हाई वो," पार्वती म्हणाली.

संक्रांतीला वृंदाताईंकडं हळदीकुंकू होतं. दिल्लीतल्या मराठी बायका लांबून लांबून यायच्या. आदल्या दिवशी पार्वतीनं तीळ भाजले, गुळाचा पाक केला, हात पोळवत सगळे लाडू वळले. दुपारी वृंदाताई मागच्या खोलीत आल्या. ठेवणीतली काळी साडी, केसांत गजरा. थोडा वेळ उगाच इकडं तिकडं बघत राहिल्या.

"पार्वती, आज तू इकडेच बस हं. म्हणजे... बायका असतात ना, कुणाकुणाला बघवत नाही. मागच्या वेळी मिसेस दातारांना चक्कर आल्यासारखं झालं."

"बरं," पार्वती म्हणाली.

दार ओढून घेतलेलं होतं, तरी सगळं ऐकू येत होतं. उखाणे, हसू, बांगड्या. कुणीतरी म्हणालं, "लाडू किती मस्त झालेत यार, बिल्कुल खुसखुशीत." वृंदाताई म्हणाल्या, "थँक्यू." पार्वतीनं पाना घेतला आणि नट फिरवला. दुपारची वेळ झालीच होती.

बायका गेल्यावर वृंदाताई वाण घेऊन आल्या, स्टीलची वाटी. स्वतः हळदकुंकू लावायला पुढं वाकल्या आणि तिथंच खाली फरशीवर बसल्या.

"लाडू तू केलेस हे सांगायला हवं होतं मी," त्या म्हणाल्या.

पार्वतीनं कपाळ पुढं केलं. "सांगून काय व्हणार वो. गॉड लागलं न्हवं, झालं."

पण वाटी हातात घेताना तिला लताची आठवण झाली. या सणाला लताच्या केसांत कोण फूल घालणार? तिकडं वाळूवर संक्रांत आहे हे तरी कुणाला माहीत असेल?

अंबादास अधूनमधून यायचा. दोन बस बदलून, पायांना भेगा, भेगांत वाळू. येताना मेथीची जुडी नाहीतर चार कोवळी दोडकी आणायचा, अंगणात उकिडवा बसायचा, पार्वतीच्या पायाकडं सोडून सगळीकडं बघायचा. वेल कसे आहेत, खंडेराव काय म्हणतो, डंपर आता कुठवर आले, एवढं सांगून झालं की उठायचा. "चलतो. बस जाईल."

माघात एकदा तो आला तेव्हा पार्वतीच्या अंगात ताप होता. एका तारेशी सुजून लाल झालं होतं. डॉक्टर चढ्ढांनी औषध लिहून दिलं होतं, पण हाताला कापरं भरलं होतं आणि पाना नटावर बसत नव्हता. अंगणात ऊन आलं होतं. वृंदाताई बाहेर गेल्या होत्या.

"एवडं फिरवा वो," ती म्हणाली आणि पाना त्याच्यापुढं धरला.

अंबादासनं पाना घेतला. पायावरची पिशवी तिनं बाजूला केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो ते नीट बघत होता. पाना त्यानं खाली ठेवला.

"मला न्हाई जमायचं."

"कापा म्हनायला जमलं की."

ते वाक्य ती किती दिवस तोंडात धरून होती. बाहेर पडलं तेव्हा तिची तिलाच भीती वाटली. अंबादास फरशीच्या फटीतली माती नखानं कोरत राहिला.

"इचार बी केला न्हाई तुमी," ती म्हणाली. "बैलाचा खूर गेला तरी मानूस इचार करतंय. मी तितंच बसली हुती."

"केला हुता इचार."

"कवा?"

"आदीच. डॉक्टर म्हनाला न्हवं, म्हैन्यात जकम भरल? म्हैन्यात घरला येशील, त्येवडंच म्या ऐकलं. म्हनलं, येक पाय तर येक पाय. तू बसून सांग, म्या करतो. त्यो दुसरा म्हनाला साल. साल कसं काढायचं गं मानसानं? लता निजली की खोपीत नुसतं नदीचं आईकत बसायचं."

अंगणातल्या दोरीवर कपडे हलत होते. पार्वती त्याच्या हाताच्या घट्ट्यांकडं बघत राहिली. एवढ्या वर्षांत तो असं कधी बोलला नव्हता. तिला राग आला होता तो अजून होताच, पण आता त्याला धरायला जागा सापडेना.

"घ्या त्यो पाना," ती म्हणाली. "उजवीकडं फिरवा. हळू. बी पेरताना टोकतावं तसं. आवळू नगा."

त्यानं फिरवलं. कपाळावर घाम आला होता. मग तिनं सांगितलं तसं उकळलेल्या पाण्यात हात धुऊन कापसानं त्यानं सगळ्या तारा पुसल्या, एकेक. त्या दिवशी बसची आठवण त्यानं काढली नाही.

उन्हं तापू लागली तेव्हा डॉक्टरांनी काढलेल्या फोटोत ते पहिल्यांदा दिसलं. हाड ओढून जिथं जागा केली होती तिथं इतके दिवस नुसतं काळं होतं. आता त्या काळ्यात पांढुरकं काहीतरी उतरलं होतं, वरून खाली, रेघारेघांनी. डॉक्टर चढ्ढा फोटो खिडकीशी धरून लहान पोरासारखे हसले.

"देखो! आ गया."

पार्वतीनं डोळे बारीक केले. दूध विरजताना भांड्याच्या कडेला जसं धरू लागतं तसं ते होतं. इतकंच. हलवलं तर मोडेल असं.

"ये मेरा?" तिनं पुन्हा तेच विचारलं.

"तुम्हारा."

पुढं ओढत आणलेला तुकडा खालच्या हाडाला टेकला. तिथं ते नीट जुळावं म्हणून कमरेचं थोडं हाड काढून भरलं, आणखी एकदा टेबलावर पडावं लागलं. मग नट फिरवायचे थांबले आणि नुसती वाट बघणं सुरू झालं. ते जास्त अवघड होतं. ओढ लागायची तेव्हा काहीतरी घडतंय असं तरी वाटायचं. आता लोखंड घालून चालायचं, झोपायचं, पुन्हा चालायचं. वृंदाताई संध्याकाळी तिला कॉलनीतून चालवत न्यायच्या. नंतर ती काठी घेऊन एकटीच आयएनए मार्केटपर्यंत जाऊ लागली. भाजीच्या गाड्यांवर खरबुजं आली होती. तिनं एक उचलून देठाशी वास घेतला. भाजीवाला म्हणाला, "यमुना का है, मीठा है." पार्वती म्हणाली, "मालूम है," आणि फळ जागच्या जागी ठेवून परत फिरली. त्या दिवशी ती जेवली नाही.

हंगामाच्या शेवटी अंबादास लताला घेऊन आला. वाडीतलं शेवटचं फळ त्यांनी तिच्यासाठी राखलं होतं. लता उंच झाली होती, उन्हानं काळवंडली होती, हातांना आईसारखेच चर खणून घट्टे पडले होते. दारातच उभी राहिली, आत येईना. मग पायाशी बसली आणि कड्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "दर्द होता है, आई?"

"दुकतं म्हन की. दर्द काय?"

"दुखतं?" लतानं शब्द सावकाश म्हटला. वाळूवर आजूबाजूला सगळे हिंदी बोलणारे, बाप दिवसभर मुका. तिच्याशी मराठी बोलायला कुणी उरलंच नव्हतं. पार्वतीनं तिला जवळ ओढलं, तिच्या केसांतून वाळू झाडली, तेल लावलं, घट्ट वेणी घातली. वेणी घालताना गावाकडच्या नदीची, तिथल्या वाड्यांची, तिच्या आजीची गोष्ट सांगत राहिली, तीच तीच, पुन्हा पुन्हा.

पावसाळा सरता सरता कडी निघाली. डॉक्टरांनी तारा उपसल्या तेव्हा जीव गेल्यासारखं झालं, पण ते काही क्षणच. लोखंड ताटात पडलं. पाय बाहेर आला तो वाळक्या फांदीसारखा, जागोजागी खोल व्रण. चढ्ढांनी तिला झोपवून दोन्ही टाचा एकमेकींशी लावल्या. टाचा सारख्या आल्या. मग तिला उभी केली, मागं सरकले आणि म्हणाले, "आओ."

ती चालली. पहिल्यांदा भिंतीशी, मग मोकळी. घोटा आखडला होता, पाऊल थोडं बाहेर पडत होतं. ज्यांनी पाय काढायला सांगितला होता ते मोठे डॉक्टरही दारात येऊन उभे राहिले, तिच्या नडगीवरून अंगठा दाबून पाहिला आणि चढ्ढांच्या पाठीवर हात ठेवला.

"बैठ सकोगी नीचे?" चढ्ढांनी विचारलं.

तिनं उकिडवं बसून पाहिलं. टाच टेकेना. "थोड़ा कम," ती म्हणाली. "चलेगा. घुटने पे बैठ के बोएंगे."

निघताना वृंदाताईंनी साडी-खण देऊन ओटी भरली. "रिकामी खोली बघवणार नाही मला," त्या म्हणाल्या. पार्वती वाकायला लागली, तर त्यांनी तिला मध्येच धरलं. "पायाला त्रास देऊ नकोस."

"त्येला तरास व्हाया पायजे आता," पार्वती म्हणाली, आणि वाकलीच.

पण जिथं परत जायचं ती वाळू राहिली नव्हती. बंधाऱ्यावरून पार्वतीनं खाली पाहिलं. खोपीच्या जागी मातीचा उंच भराव, त्यावर लोखंडी पत्र्यांचं कुंपण, आणि पलीकडं अर्धवट उभ्या इमारती. वाडी कुठं होती ते तिला सांगता येईना. सालभर ती डोळे मिटून ज्या वाळूत जात होती, ती इथं, या मातीखाली कुठंतरी होती. अंबादासनं तिला आधी सांगितलं नव्हतं.

"सांगितलं असतं तर तितं कशी ऱ्हायली असतीस?" तो म्हणाला.

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मंग आता कुटं?"

खंडेरावानं खालच्या अंगाला, फरीदाबादच्या बाजूला, नवी वाळू बघून ठेवली होती. मधे नदीचा एक फाटा होता, मांडीइतका खोल. सामान आणि लता नावेतून पुढं गेली होती. नाव परत यायची होती. अंबादासनं काठावर फडकं अंथरलं. "बस. नाव येईल आता."

पार्वती बसली नाही. तिनं लुगड्याचा काचा वर खोचला. दिवस कलायला आला होता, पाण्यावर ऊन तिरपं पडलं होतं. पलीकडच्या वाळूवर लता भांडी मांडताना ठिपक्याएवढी दिसत होती.

"पारे, येडी झालीस? नवं हाड हाय त्ये. पान्यात काय बी असतंय."

"चला तुमी."

ती पाण्यात उतरली. पाणी गार होतं, गढूळ होतं, वासही होता. पहिली पावलं तिनं चाचपत टाकली. अंबादास पुढं झाला, वळून वळून बघू लागला, हात पुढं करू लागला. तिनं हात धरला नाही. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग मांडीपर्यंत. ओढ होती. मध्यावर येऊन ती एकदम थांबली.

अंबादास घाबरून मागं फिरला. "काय झालं? दुकतंय?"

"न्हाई."

"मंग?"

"वाळू सरकतीया पायाखालनं."

"सरकनारच की. वाहतं पानी हाय. चल लवकर."

"थांबा वो जरा," पार्वती म्हणाली. "दुनी पायांखालनं सरकतीया."

अंबादास तिच्या शेजारी येऊन पाण्यात उभा राहिला.